डोक्याच्या पेशंटची शुगर आणि भिंतीवरचा जुना तक्ता

पत्र: धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत मी स्टाफ नर्स आहे. भंडारा रोडवर बाइक घसरून डोक्याला मार लागलेला ३४ वर्षांचा पेशंट सध्या माझ्या बेडवर आहे. जीसीएस (शुद्धीचा गुण) ६, कवटीचं हाड काढून ठेवलंय, व्हेंटिलेटरवर आहे. डायबिटीस नव्हता असं घरचे सांगतात, पण आला तेव्हा शुगर २६८ होती. इन्सुलिनचा पंप लावला. आमच्या भिंतीवर ८० ते ११० चा जुना तक्ता आहे. नवे इन्टेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे तज्ज्ञ) सर १४० ते १८० ठेवा म्हणतात, आणि मोठे सर राउंडला १६० दिसली तरी रागावतात. परवा रात्री सीटीला न्यायचं म्हणून फीड (नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न) बंद केलं, पहाटे चारला शुगर ५८ निघाली. ग्लुकोमीटर आणि लॅबच्या आकड्यात कधीकधी ४० चा फरक पडतो, तेव्हा कोणता आकडा धरायचा तेही कळत नाही. नातेवाईक रोज विचारतात, ‘शुगर नॉर्मल काहून नाही करून राहिले जी?’ कोणाचं ऐकायचं?
एक सिस्टर, नागपूर

सिस्टर, आकड्यापुरतं ऐकायचं ते इन्टेन्सिव्हिस्ट सरांचं. डोक्याला मार लागलेला असो, ब्रेन हॅमरेज असो की मेंदूचं ऑपरेशन झालेलं असो, शुगर १४० ते १८० मध्ये ठेवायची. सलग दोनदा १८० च्या वर आली तर इन्सुलिन सुरू करायचं आणि ११० च्या खाली घसरली की पंप बंद करायचा. ८० ते ११० चा तक्ता भिंतीवरून उतरवायला हवा. पण तो कुणी मनाने लिहिलेला नाही, त्यामुळे उतरवताना मोठ्या सरांना कारण देता आलं पाहिजे.

२००१ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनच्या सर्जिकल आयसीयूत १५४८ पेशंटवर एक अभ्यास झाला. शुगर ८० ते ११० ठेवलेल्या गटात आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभरच्या आयसीयूंनी तो आकडा उचलला, तुमच्या भिंतीवरचा तक्ता त्याच लाटेतला. त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटली. तिथले बहुतेक पेशंट हृदयाच्या ऑपरेशनचे होते आणि दाखल झाल्या दिवसापासून त्यांना शिरेतून २४ तासांत २०० ते ३०० ग्रॅम ग्लुकोज सलग चालू होतं. इन्सुलिन जोरात होतं, पण इंधनही एक मिनिट तुटत नव्हतं. आपण तक्ता आणला, ग्लुकोज तिथेच राहिलं.

मग २००९ मध्ये नाइस-शुगर ही ६१०४ पेशंटची चाचणी आली. शुगर ८१ ते १०८ ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के पेशंट दगावले, १८० च्या खाली ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. शुगर ४० किंवा त्याहून खाली जाण्याचं प्रमाण घट्ट गटात ६.८ टक्के, सैल गटात ०.५ टक्का. त्याच चाचणीतले डोक्याला मार लागलेले ३९१ पेशंट नंतर वेगळे काढून पाहिले, तेव्हा घट्ट शुगरचा फायदा दिसला नाही, शुगर पडण्याचे प्रसंग तेवढे वाढलेले दिसले. लकव्याच्या पेशंटवर २०१९ मध्ये शाइन ही चाचणी प्रसिद्ध झाली, तिथेही ८० ते १३० ठेवून हाती काही लागलं नाही. मोठ्या सरांपुढे ठेवायला एवढं पुरे. ते रागावतात ते १६० बघून. त्यांना चार्टवरची ५८ दाखवा.

मेंदूचंच एवढं का? वजनाने तो शरीराच्या २ टक्के, पण दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज त्यालाच लागतं, आणि साठा जवळजवळ काहीच नाही. टाकी नसलेलं, थेट नळावर चाललेलं घर समजा. त्यातून मार बसल्यावर पहिले काही दिवस दुखावलेला भाग नेहमीपेक्षा जास्त ग्लुकोज ओढतो, आणि रक्तातून मेंदूत ग्लुकोज नेणारी वाटही पूर्वीसारखी चालेलच असं नसतं. मेंदूत बारीक नळी घालून तिथलं ग्लुकोज थेट मोजणाऱ्या न्यूरो आयसीयूंमध्ये हे दिसलेलं आहे: रक्तातली शुगर ८० ते ११० म्हणजे अगदी ‘नॉर्मल’, आणि मेंदूच्या आत मात्र ग्लुकोज तळाला गेलेलं, लॅक्टेट-पायरुव्हेटचं प्रमाण ४० च्या वर चढलेलं. मेंदू उपाशी असल्याची ती खूण.

साध्या पेशंटची शुगर पडली तर घाम येतो, हातपाय थरथरतात, तो भूक लागली म्हणतो. तुमचा पेशंट सिडेशनवर आहे, तो काहीच सांगणार नाही. दिसलंच तर झटका दिसेल, किंवा जीसीएस एकदोनने उतरलेला दिसेल, आणि आपण ते सूज वाढल्याचं लक्षण समजून सीटीला पळू. म्हणून न्यूरो आयसीयूत नियम ठेवा: झटका आला, बाहुली बदलली, जीसीएस उतरला, तर डॉक्टरांना फोन लावत असतानाच दुसऱ्या हाताने शुगर तपासायची.

याचा अर्थ २६८ चालते असा नाही. १८० च्या वर मूत्रपिंड साखर धरून ठेवू शकत नाही, लघवी वाढते, पेशंट सुकतो. जास्त शुगरमध्ये जंतुसंसर्ग वाढतो आणि रक्त कमी पोचणाऱ्या भागात लॅक्टिक ॲसिड साठतं. पण २०० ची शुगर दोन तासांत सावकाश खाली आणता येते, आणि ४० च्या शुगरने मेलेली पेशी परत येत नाही.

आता तुमची ५८. त्या रात्री इन्सुलिनचा डोस चुकला असेल असं वाटत नाही. फीड थांबलं आणि पंप चालू राहिला. डोक्याच्या पेशंटची शुगर पडते तेव्हा बहुतेक वेळा मागे हेच असतं. हिशोब करून बघा. तासाला ६० मिलीने नेहमीचं डब्याचं फीड चालू असेल, तर त्यातून ताशी साधारण ७ ते ८ ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जातं आणि इन्सुलिनचा दर त्याच्यावर बसवलेला असतो. सीटी, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छेद), उलटी, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी फीडची नळी) निघणं, फिजिओथेरपीसाठी ‘अर्धा तास फीड थांबवा’, ऑपरेशनआधी उपाशी ठेवणं, यातलं काहीही झालं की ते ८ ग्रॅम शून्य होतात. पंपाला ते कळत नाही.

तेव्हा फीड आणि इन्सुलिन एकत्र बांधा. फीड पंप नसेल, बाटली स्टँडला लटकत असेल, तर इन्सुलिनच्या सिरिंजवर आणि फीडच्या बाटलीवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा आणि ठरवून टाका की एक थांबलं तर दुसऱ्याला हात लावल्याशिवाय बेड सोडायचा नाही. फीड थांबवताना शुगर मोजा. १८० च्या खाली असेल तर पंप बंद. वर असेल तर दर निम्मा. अर्ध्या तासाहून जास्त थांबणार असेल तर शिरेतून ग्लुकोज चालू करा, ताशी ५ ग्रॅम. १०% डेक्स्ट्रोज ताशी ५० मिली म्हणजे ५ ग्रॅम. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) असेल तर २५% डेक्स्ट्रोज ताशी २० मिली, ग्लुकोज तेवढंच आणि पाणी निम्म्याहून कमी, सुजलेल्या मेंदूला हे बरं. फीड परत सुरू होऊन नेहमीच्या वेगाला येईपर्यंत दर तासाला शुगर. सीटीला नेताना निघायच्या आधी एक आणि परत आल्याबरोबर एक, त्यात ‘आत्ताच तर पाहिली होती’ चालायचं नाही. जातानाच्या ट्रेमध्ये २५% डेक्स्ट्रोज भरलेली सिरिंज लेबल लावून ठेवा.

तुमच्याकडे दर दोन तासांनी २०० मिली फीड ढकलायची पद्धत असेल, तर आणखी एक घोळ होतो. इन्सुलिन एका वेगाने, खाणं मात्र उड्या मारत. फीडनंतर अर्ध्या तासाने पाहिलेली शुगर २१० येते, कुणी दर वाढवतं, आणि पुढच्या फीडआधी ती ९० ला पोचते. पंपावर इन्सुलिन असेल तोवर फीडही थेंबाथेंबाने सलग द्यायला लावा. ते जमणारच नसेल तर शुगर नेहमी फीडच्या आधी मोजा आणि दर त्याच आकड्यावर ठरवा. घरून आणलेलं मोसंबीचं पाणी, नारळपाणी, साबुदाण्याची पेज हे सगळं आहारतज्ज्ञांनी ग्रॅममध्ये लिहून दिल्याशिवाय ट्यूबमध्ये नको. नारळपाण्यात साखरेखेरीज पोटॅशियमही भरपूर असतं.

सिरिंज भरताना होणारी चूक लहान दिसते आणि फार महागात पडते. आपल्याकडे प्लेन इन्सुलिनची कुपी ४० युनिट प्रति मिलीचीही येते आणि १०० युनिट प्रति मिलीचीही. पंपासाठी ५० मिली सलाइनमध्ये ५० युनिट लागतात, म्हणजे १ मिलीत १ युनिट. ४० च्या कुपीतून त्यासाठी १.२५ मिली घ्यायचं, १०० च्या कुपीतून ०.५ मिली. सवयीने १०० च्या कुपीतून १.२५ मिली घेतलं तर सिरिंजमध्ये १२५ युनिट जातात, आणि पंपावर ‘२’ दिसत असताना पेशंटला ताशी ५ युनिट मिळतात. लाल टोपीची इन्सुलिन सिरिंज ४० ची, नारिंगी टोपीची १०० ची. कुपी आणि सिरिंजची अदलाबदल झाली तरी हाच अडीच पटीचा घोटाळा. आयसीयूत एकाच ताकदीची कुपी ठेवायला फार्मसीला सांगा. भरताना दुसऱ्या सिस्टरने कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, सिरिंजवर युनिट, मिली, वेळ आणि दोघींच्या सह्या.

भरल्यावर नळी जोडण्याआधी २० मिली मिश्रण नळीतून वाहू देऊन टाकून द्या. इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं. नवी नळी तशीच जोडली तर पहिले काही तास पेशंटला इन्सुलिन पोचतच नाही, शुगर उतरत नाही म्हणून आपण दर वाढवतो, आणि नळी तृप्त झाली की शुगर एकदम कोसळते. नाईट ड्यूटीला सिरिंज बदलल्यावर पहाटे शुगर पडते, त्यातल्या काही वेळा हेच कारण असतं. २४ तासांनी सिरिंज बदला. त्या लाइनमधून दुसरं कोणतंही औषध जोराने देऊ नका, नळीतलं इन्सुलिन एका दमात आत जातं.

दर कसा ठरवायचा ते तुमच्या सरांच्या सहीने तक्त्यावर यायला हवं, पण चाल साधारण अशी असते. सुरुवातीला शुगरला १०० ने भागायचं आणि जवळच्या अर्ध्या युनिटला आणायचं. २६८ ला ताशी अडीच युनिट. मेंदूच्या पेशंटला सुरुवातीचा बोलस (एकदम दिलेला डोस) आम्ही सहसा देऊ नका म्हणू. मग दर तासाला शुगर. १८० च्या वर असून तासाभरात ३० ने सुद्धा उतरली नसेल तर दर अर्ध्या ते एक युनिटने वाढवा. १४० ते १८० मध्ये असेल आणि आधीच्या आकड्याच्या आसपास असेल तर हात लावू नका. ११० ते १४० मध्ये दर निम्मा. ११० च्या खाली पंप बंद आणि अर्ध्या तासाने परत तपासणी.

आणि आकड्यासोबत त्याचा वेग बघा, जुन्या तक्त्यात तो रकानाच नसतो. नऊ वाजता २३८ आणि दहा वाजता १६६ आली. १६६ हा आकडा हवा तसाच आहे, पण तासाला ७२ ने उतरतेय, अकराला ती ९४ असेल. अशा वेळी टार्गेटमध्ये असूनही दर लगेच निम्मा करायचा. तासाला ५० ते ७० पेक्षा जास्त उतार नको. खूप चढलेली शुगर झपाट्याने उतरली तर पाणी मेंदूच्या पेशींत शिरून सूज वाढायचीही भीती असते. सलग तीन आकडे १४० ते १८० मध्ये आले की दोन तासांनी मोजलं तरी चालेल. बीपी टिकवणाऱ्या नॉरॲड्रिनॅलिनचा डोस बदलला, स्टिरॉइड सुरू झालं, ताप चढला, डायलिसिस लागलं, फीड बदललं, की पुन्हा दर तासाला.

त्वचेखालच्या इन्सुलिनचा स्लायडिंग स्केल (आलेल्या शुगरनुसार ठरलेले डोस) या टप्प्यावर नको. बीपी नॉरॲड्रिनॅलिनवर टिकलेलं असताना, अंगावर सूज असताना त्वचेखालून किती शोषलं जाईल आणि कधी, सांगता येत नाही. शिवाय शिरेतलं इन्सुलिन पंप बंद केल्यावर काही मिनिटांतच ओसरू लागतं. त्वचेखाली दिलेलं प्लेन इन्सुलिन सहा ते आठ तास काम करत राहतं, ते परत ओढता येत नाही.

ग्लुकोमीटरचा प्रश्न. २०० च्या शुगरला ३० चा फरक मीटरच्या मान्य मर्यादेत बसतो, कारण १०० च्या वर १५ टक्के फरक चालतो असं मानक आहे. ४० चा फरक त्या बाहेरचा. आधी दोन्ही नमुने एकाच वेळी, एकाच जागेतून घेतले होते का ते बघा. लॅबचा नमुना साध्या बल्बमध्ये तासभर पडून राहिला तर रक्तपेशी त्यातली शुगर ५ ते ७ टक्के खाऊन टाकतात. करड्या टोपीचा फ्लुराइडचा बल्ब वापरा.

मग हिमोग्लोबिन बघा. रक्तस्राव झालेल्या पेशंटचं हिमोग्लोबिन ७-८ असेल तर बरेच मीटर खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवतात. मीटरवर १२५ आणि खरी ९५, हा धोक्याच्या दिशेचा फरक आहे. बीपी कमी, बोटं थंड, हात सुजलेले असतील तर बोटाचा आकडा सोडून द्या. आर्टिरिअल लाइनचं (धमनीतल्या नळीचं) रक्त आणि ब्लड गॅसच्या मशीनवरची शुगर यावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवावा. त्यातही लाइनमधल्या नळीच्या आकारमानाच्या निदान तिप्पट रक्त आधी काढून मगच नमुना. आणि आर्टिरिअल लाइनच्या प्रेशर बॅगमध्ये फक्त नॉर्मल सलाइन. घाईत तिथे डेक्स्ट्रोजची बाटली लागली तर नमुन्यात तीच साखर येते, शुगर ३०० दिसते, इन्सुलिन वाढवत नेलं जातं आणि पेशंट प्रत्यक्षात ३० वर असतो. याने परदेशात पेशंट दगावलेले आहेत, इंग्लंडमध्ये त्यावर देशभर सूचना काढावी लागली होती. दर ड्यूटीला बॅगवरचं लेबल वाचायचं, बॅगेचा आकार बघून ओळखायचं नाही. ज्या हातात डेक्स्ट्रोज चालू आहे त्या हातातून नमुनाही नको.

मे महिन्यात नागपूर ४५ च्या वर जातं. आयसीयू थंड असलं तरी पट्ट्यांची डबी फार्मसीतून, स्टोअरमधून येते. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आतच ठेवायच्या असतात आणि डबीचं झाकण उघडं राहिलं तर आठवडाभरात बिघडतात. इन्सुलिनच्या बंद कुप्या २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या कप्प्यात नाही. आणि आपल्या गावाला साजेसा एक घोटाळा: संत्रं सोललेल्या बोटावरून शुगर घेतली तर ती खोटी वाढलेली येते, स्पिरिटच्या बोळ्याने रस पूर्ण निघत नाही. नातेवाईक संत्र्याच्या हातानेच पेशंटचा हात धरून बसलेले असतात. पाण्याने बोट पुसा, कोरडं करा, मग टोचा.

शुगर पडलीच तर. ७० च्या खाली पंप बंद आणि २५% डेक्स्ट्रोज, १०० मधून शुगर वजा करून ०.८ ने गुणा, तेवढे मिली. ५८ ला ४२ गुणिले ०.८ म्हणजे साधारण ३४ मिली, सेंट्रल लाइनमधून किंवा चांगल्या मोठ्या शिरेतून सावकाश. पूर्ण १०० मिलीची बाटली घाबरून रिकामी केली तर २५ ग्रॅम जातात, शुगर एकदम वर उसळते आणि परत इन्सुलिन. हे वरखाली होणंही मेंदूला मानवत नाही. १५ मिनिटांनी परत मोजा, १०० च्या वर येईपर्यंत दर १५ मिनिटांनी. ७० ते १०० मध्ये असेल आणि उतरत असेल तर १०% डेक्स्ट्रोज ताशी ५० मिलीने लावा. इन्सुलिन परत सुरू करायचं ते १८० च्या वर गेल्यावर, आधीच्या निम्म्या दराने. दारू घेणारा किंवा फार अशक्त पेशंट असेल तर थायमिन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्या, पण थायमिन शोधण्यात डेक्स्ट्रोज अडवून ठेवू नका.

तुमच्या पेशंटची २६८ आली कुठून, हेही तपासा. अपघाताच्या धक्क्याने ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल चढतं, यकृत साखर ओततं. डायबिटीस नसतानाही २५० सहज दिसते. पण गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून ‘मेडिकल’मध्ये (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात) किंवा धंतोलीत पोचणाऱ्या पेशंटच्या हातात वाटेतच डीएनएस (डेक्स्ट्रोज मिसळलेलं सलाइन) लागलेलं असतं, ‘ताकद येईल’ म्हणून. ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज. आल्याबरोबर बाटलीवर काय लिहिलंय ते बघा आणि फीडआधीच्या काळात नॉर्मल सलाइनच चालवा. साधं ५% डेक्स्ट्रोज तर डोक्याच्या पेशंटला नकोच, ग्लुकोज जळून गेल्यावर उरलेलं पाणी मेंदूच्या सुजेत भर घालतं. नॉरॲड्रिनॅलिन कशात पातळ केलंय तेही पाहा. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड कुणी सवयीने लिहिलं असेल तर विचारा. डोक्याच्या दुखापतीत स्टिरॉइडने मृत्यू वाढतात हे २००४ च्या क्रॅश चाचणीत १०,००८ पेशंटवर दिसलं आहे. मेंदूतल्या गाठीच्या सुजेची गोष्ट वेगळी.

एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) पाठवा. ६.५ किंवा वर असेल तर डायबिटीस आधीपासूनचा आहे. फार चढलेलं असेल तर त्या शरीराला २०० ची सवय असते, तेव्हा १८० च्या बाजूलाच राहा. रक्त चढवल्यानंतर ही तपासणी फसवी ठरते. विदर्भात सिकलसेलही बराच आहे, त्यातही तिचा भरवसा नाही. सिकलसेलची चौकशी केल्याशिवाय ‘डायबिटीस नाही’ असं लिहू नका.

पोटॅशियम ३.३ च्या खाली असेल तर ते भरून निघेपर्यंत इन्सुलिन थांबवा. इन्सुलिन पोटॅशियम पेशीत ढकलतं आणि मेंदूची सूज उतरवायला दिलेल्या मॅनिटॉलने ते लघवीतून आधीच जात असतं. पहिल्या दिवशी दर सहा तासांनी पाहा, ४ च्या आसपास ठेवा.

लघवी ताशी ३०० मिली होऊ लागली तर सगळे पिट्युटरीला (लघवी आवरणारं हार्मोन सोडणाऱ्या मेंदूतल्या ग्रंथीला) दोष देतात. आधी मॅनिटॉल कधी दिलं ते बघा, मग लघवीत साखर तपासा. पिट्युटरीचंच कारण निघालं आणि पाणी भरून काढायला शिरेतून ५% डेक्स्ट्रोज जोरात सुरू केलं, तर शुगर वाढते, साखरेने लघवी आणखी वाढते, आणि फेरा सुटत नाही. पोट चालत असेल तर ते पाणी रायल्स ट्यूबमधून साधं पाणी म्हणून द्यायचं. सोडियम वाचतानाही शुगर धरा: १०० च्या वरच्या प्रत्येक १०० ला मोजलेल्या सोडियममध्ये सुमारे १.६ मिळवायचे. शुगर ३०० आणि सोडियम १४०, म्हणजे खरं १४३ च्या वर.

नातेवाईकांना चाचण्या सांगत बसू नका. ‘नॉर्मल शुगर चालत्याफिरत्या माणसासाठी. आत्ता मेंदूला जास्त खाणं लागतं, म्हणून मुद्दाम १४० च्या वर ठेवतो. १८० च्या वर गेली तर औषध चालू आहे’, एवढं बोललं की बहुतेकांना पटतं. रोजचा एकच आकडा न सांगता दिवसभरातली वरची आणि खालची शुगर सांगा.

पंपावरून त्वचेखाली यायचं ते नॉरॲड्रिनॅलिन बंद, फीड पूर्ण वेगाने आणि इन्सुलिनचा दर सहा तास स्थिर असेल तेव्हा. त्या सहा तासांत १२ युनिट लागले असतील तर दिवसाचे ४८, त्यातले ८० टक्के म्हणजे साधारण ३८ धरायचे. फीड सलग असेल तोवर २४ तास चालणारं ग्लार्जिन एकदम पूर्ण देऊ नये, फीड थांबलं तर ते मागे घेता येत नाही. एनपीएच (मध्यम काळ चालणारं इन्सुलिन) १२ तासांनी किंवा प्लेन ६ तासांनी बरं. एनपीएच दिलं तर पहिला डोस पंप थांबवण्याच्या दोन तास आधी द्या, नाहीतर मधल्या वेळात शुगर उसळते. आयसीयूत इन्सुलिन लागलं म्हणून घरी जातानाही लागेलच असं नाही. डिस्चार्जच्या कागदावर उपाशीपोटीची शुगर आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी लिहून द्यायला सांगा, मध्ये रक्त चढवलं असेल तर त्याची तारीखही त्याच ओळीत.